मुरमाच्या वाटांचा कैवार

ज्यावर डांबर किंवा सिमेंट ओतलें आहे तोच रस्ता, बाकीची सारी माती, ही समजूत गेल्या कांहीं दशकांत आमच्या लोकांच्या मनांत इतकी घट्ट बसली आहे कीं, तिच्याविरुद्ध चार शब्द लिहिणें म्हणजे वेडगळपणाचा आरोप पदरीं घेणें होय. तो पदरीं घेऊन आम्ही आज स्पष्टपणें असें म्हणतों कीं, सह्याद्रीच्या माथ्यावर व पायथ्याशीं ज्या मुरमाच्या आणि खडीच्या जुन्या वाटा अजून जिवंत आहेत, त्या सरसकट डांबराखालीं पुरणें ही सुधारणा नसून उधळपट्टी आहे. त्या वाटा कच्च्याच ठेवाव्या, पण नीट ठेवाव्या. आणि पायीं चालणारा, बैलगाडीवाला व सायकलस्वार या तिघांचा त्यांवरील हक्क उघडपणें मान्य करावा.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत सायकलीचा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या समाजाला स्वतःचा देश पायांखालून ठाऊक नाहीं, त्याच्या वाङ्मयांत देश येणार तरी कोठून? वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले ते बहुतेक पायीं. त्यांचें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक १९०७ सालीं प्रसिद्ध झालें आणि आजही तें आवडीनें वाचलें जातें, याचें एक कारण असें कीं, त्या गृहस्थानें वाटेंतील प्रत्येक नदी, धर्मशाळा व माणूस चालत्या माणसाच्या वेगानें पाहिला होता. मोटारीच्या बंद कांचेंतून असें पुस्तक जन्मास येत नाहीं. तेव्हां वाटेचा प्रश्न हा केवळ बांधकाम खात्याचा प्रश्न नव्हे. तो शिक्षणाचा आणि संस्कृतीचाही प्रश्न आहे.

आम्ही ज्या भिवंडीस राहतों त्या गांवापासूनच आरंभ करूं. मुंबईहून आग्ऱ्याकडे जाणारा जुना मार्ग येथूनच जातो. कल्याण व भिवंडी हीं ठाणीं १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं घेतलीं तीं उगीच नव्हे. खाडी आणि घाट यांच्यामध्यें बसलेलें हें बंदर म्हणजे कोंकण व देश यांना जोडणारी कडी होती. पुढें येथें माग आले, यंत्रमाग आले, आणि आतां गुदामें आलीं आहेत. गुदामांमागोमाग मालमोटारी आल्या. ज्या रस्त्यावर मागवाला सायकलीवरून कामाला जात असे, त्यावर आज मालमोटारींच्या रांगेंतून वाट काढणें हें जिवावरचें काम झालें आहे. आपल्या बारा वर्षांच्या मुलाला सायकल देऊन ‘जा, गांवाबाहेर फिरून ये’ असें सांगणारा बाप या शहरांत सांपडणें कठीण, आणि सांपडलाच तर त्याला आम्ही शहाणा म्हणणार नाहीं.

इतक्यांत आमच्या तालुक्याला आणखी एक मान मिळाला. नागपुराहून निघणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग आमच्या भिवंडी तालुक्यांतील आमणें येथें येऊन संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणें हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. कसारा घाटाचा वळसा टाळण्यासाठीं डोंगर पोखरून सुमारें पावणेआठ किलोमीटरांचा बोगदा केला आहे. हें काम मोठें आहे, यांत शंका नाहीं, आणि त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण या महामार्गावर सायकलीला, इतकेंच काय पण मोटरसायकलीलाही, मज्जाव आहे. तो मज्जाव योग्यच आहे. जेथें वाहनें बाणासारखीं सुटतात तेथें दुचाकीनें जाऊं नये. परंतु मग हिशेबाची दुसरी बाजू कोणीं मांडावयाची? एका वर्गासाठीं डोंगर फोडून वाट केली जाते, तर दुसऱ्या वर्गाला मुळांतच जी वाट होती ती तरी शिल्लक राहावी, एवढें मागणें हें फार मोठें मागणें आहे काय?

आणि ही वाट होती, हें आमचे डांबरवादी विसरतात. सह्याद्रि ओलांडण्याची कला मोटारीबरोबर जन्मली असें नाहीं. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरास नेणारा नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वीं गजबजलेला होता. तेथील लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि माथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. मध्ययुगांत व पुढें पेशवाईंत घोडीं, बैल व माणसें अनेक घाटवाटांनीं चढउतार करीत होतीं. बोरघाटांत चाकांच्या गाड्यांस योग्य असा रस्ता १८३० सालीं, माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतां, खुला झाला. त्याच घाटानें रेल्वे १८६३ सालीं आणि थळघाटानें ती १८६५ सालीं वर चढली. या चढउतारांतून डोंगराच्या पदरावर, पठारावर व खिंडींत गाडीवाटांचें व पाऊलवाटांचें एक जाळें विणलें गेलें. गांवच्या नकाशांत तें जाळें अजून दिसतें. जमिनीवर मात्र तें एकेक धागा करून तुटत चाललें आहे.

हा प्रश्न आजच उपस्थित करण्याचें एक विशेष कारण आहे. गेल्या कांहीं वर्षांत खडीच्या वाटेवर चालण्यासाठींच घडविलेली एक सायकल बाजारांत आली आहे. विक्रेते तिला ‘ग्रॅव्हेल बाइक’ म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखी वांकडी मूठ, पण चाक रुंद. शर्यतीच्या सायकलीचा टायर पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरांचा, तर हिचा चाळीस-पंचेचाळीसांचा. टायरांत हवा कमी भरावयाची, म्हणजे खडा आला कीं सायकल उडण्याऐवजीं टायर दबतो. आणि दांत्यांची जुळणी अशी कीं, दहांत एक असा चढही बसूनच चढतां यावा. मुंबई, ठाणें, पुणें व नाशिक येथील सुशिक्षित तरुण या सायकली घेऊं लागले आहेत. ही गोष्ट आम्हांस आनंदाची वाटते. परंतु त्या घेऊन ते जातात कोठें, हें पाहिलें म्हणजे तो आनंद अर्धा होतो.

ते जातात लडाखला व स्पितीला. हिमालयाविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. मनालीहून काझ्यास जाणाऱ्या मार्गावरील गोटे, ओहोळ आणि ४,५५० मीटरांच्या आसपासची कुंझुम खिंड यांची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. पण आमचें म्हणणें असें कीं, या यात्रेंत पर्वताच्या ओढीपेक्षां आंकड्याची ओढ अधिक असते. खारदुंग ला या खिंडीवरील पाटी कित्येक वर्षें १८,३८० फूट असा आंकडा मिरवीत होती. प्रत्यक्ष मोजणींत ती खिंड १७,५८२ फुटांच्या आसपास भरते. तरीही त्या पाटीखालीं उभें राहून काढलेलीं छायाचित्रें घरोघर झळकलीं! २०२१ सालीं उमलिंग ला येथील १९,०२४ फुटांवरील रस्त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली, तेव्हां यात्रेकरूंचा मोर्चा तिकडे वळला. उद्यां कोणी आणखी शंभर फूट वर डांबर नेलें कीं हे भक्त आपला देव बदलतील. डोंगराची किंमत पाटीवरच्या आंकड्यानें करणें म्हणजे ग्रंथाची किंमत त्याच्या पृष्ठसंख्येनें करण्यासारखें आहे.

महाराष्ट्रांतील सह्याद्रीचें सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तें १,६४६ मीटरांचें. तेव्हां आंकड्यांच्या बाजारांत आमच्या डोंगराला भाव नाहीं, हें उघड आहे. परंतु सायकलस्वाराच्या पायांना समुद्रसपाटीपासूनची उंची कळत नाहीं. त्यांना चढ कळतो. कोंकणच्या तळापासून दोन-अडीच हजार फूट एका दमांत चढून घाटमाथा गांठावा, ही परीक्षा कोणत्याही पर्वताला साजेशी आहे. मुंबई-पुणें सायकल शर्यतींत ‘घाटाचा राजा’ हा किताब वेगळा दिला जातो, तो याचसाठीं. शहापूर, मुरबाड, अकोलें व जुन्नर या तालुक्यांत, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोंवतीं, जव्हार-मोखाड्याच्या पठारावर ज्या वाटा आहेत त्या भिवंडीच्या तरुणाला एका-दोन दिवसांच्या टप्प्यांत आहेत. आमचे विद्यार्थी मनालीपासून लेहपर्यंतच्या खिंडींचीं नांवें क्रमानें सांगतात. पण शहापुरावरून जो माहुलीचा डोंगर दिसतो त्याच्या पलीकडे कोणतें गांव आहे असें विचारलें, तर ते एकमेकांकडे पाहूं लागतात. हा दोष आम्ही मुलांना देत नाहीं. ज्या वाटांना पाटी नाहीं, नकाशा नाहीं आणि ज्या केव्हां बुजतील याचा भरंवसा नाहीं, त्यांवर त्यांना कोणीं नेलेंच नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ‘तुम्ही शहरांतील सुखवस्तु लोक, तुम्हांला कच्ची वाट ही मौज. ज्या आदिवासी पाड्यांतून बाळंतिणीला झोळींत घालून न्यावें लागतें, तेथील माणसाला विचारा कीं वाट कच्ची हवी कीं पक्की?’ हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचें उत्तर आम्ही आडपडदा न ठेवतां देतों. ठाणें व पालघर जिल्ह्यांतील ज्या पाड्याला बारमाही जोडरस्ता नाहीं, त्याला तो आजच मिळाला पाहिजे. त्याच्या आड येणारा सायकलस्वार आमचा मित्र नव्हे. परंतु आमचे डांबरवादी हेंच उदाहरण पुढें करून डांबर नेतात कोठें? ज्या पठारावर वस्ती नाहीं पण विकावयाचे भूखंड आहेत तेथें. ज्या कड्याच्या टोंकावर गांव नाहीं पण सूर्यास्त पाहण्याची जागा आहे तेथें. झोळींतल्या बाईच्या नांवानें मंजूर होणारें डांबर जर बंगल्याच्या फाटकापाशीं संपत असेल, तर कळवळा कोणाचा आणि लाभ कोणाचा, हें वाचकांनींच ठरवावें. प्रत्येक पाड्याला एक पक्का रस्ता असावा. आणि त्याशिवाय ज्या दुसऱ्या-तिसऱ्या वाटा आहेत त्या मुरमाच्याच राहाव्या, इतकीच आमची मर्यादित मागणी आहे.

शिवाय डांबर टिकतें कोठें? घाटांत जेथें शेंदोनशें इंच पाऊस कोसळतो तेथें पाण्याच्या निचऱ्याची सोय न करितां पसरलेलें डांबर श्रावणापूर्वींच उखडतें, आणि उखडलेलें डांबर हें मुरमापेक्षां वाईट. त्यावर ना गाडी सुखानें चालते, ना सायकल, ना माणूस. मुरमाच्या वाटेचें तसें नाहीं. वाटेला बाहेरच्या बाजूस थोडा उतार ठेवावा, डोंगराकडून चर खणावा, ठरावीक अंतरावर आडव्या मोऱ्या बांधाव्या, आणि पाऊस ओसरल्यावर गांवच्याच माणसांनीं फावडें-घमेलें घेऊन खळगे भरावे, म्हणजे वाट वर्षानुवर्षें चालते. पाण्याला वाट दिली कीं वाट टिकते, हें शास्त्र आमच्या शेतकऱ्याला उपजत ठाऊक आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानें देशांत प्रथम, १९७७ सालीं, केला. त्या योजनेंतून गांवोगांवीं मुरमाचे रस्ते झाले. तेव्हां ही कल्पना परकी नाहीं, नवीही नाहीं. ती केवळ अप्रतिष्ठित झाली आहे.

दुसरा आक्षेप निसर्गप्रेमी मंडळींचा. त्यांना भीति अशी कीं, वाटांना प्रसिद्धि मिळाली कीं रानांत गर्दी होईल. ही भीति अनाठायीं नाहीं. तानसा अथवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड या अभयारण्यांत मन मानेल तसें घुसणें हा गुन्हाच मानला पाहिजे. परंतु रानाचा नाश पायानें व पायंड्यानें होत नाहीं. तो यंत्रानें होतो. भर पावसाळ्यांत मऊ पठारावर जीपगाडी घालून चिखल उडविणारे जे शूर पुरुष दिसतात, त्यांच्या चाकोऱ्या पुढें चरांसारख्या वाहूं लागतात. तेव्हां नियम साधे आहेत: जुन्या गाडीवाटेखेरीज नवी वाट पाडूं नये, वनखात्याची परवानगी जेथें लागते तेथें ती घ्यावी, सूर्यास्तानंतर फिरूं नये, माती मऊ असेल तोंवर पठारावरील वाटा बंद ठेवाव्या, आणि या वाटांवर मोटारीला, ती कितीही मोठ्या माणसाची असो, प्रवेश देऊं नये.

तिसरा आक्षेप असा कीं, हा श्रीमंतांचा खेळ आहे. लाखाच्या घरांतील सायकली घेऊन हिंडणाऱ्यांसाठीं सरकारनें कां झिजावें? येथें आम्ही आक्षेपकांस भिवंडीच्या कोणत्याही मागाच्या कारखान्याबाहेर नेऊन उभें करूं इच्छितों. तेथें भिंतीला टेकलेल्या काळ्या साध्या सायकलीचा टायर पहावा. तो अठ्ठावीस इंची चाकावरचा दीड इंची टायर, म्हणजे रुंदीला सुमारें चाळीस मिलिमीटर भरतो. ज्या रुंदीचा आज परदेशी जाहिरातींत नवा शोध म्हणून गाजावाजा चालला आहे, ती रुंदी आमच्या दूधवाल्याला व मागवाल्याला कित्येक पिढ्या ठाऊक आहे, कारण त्यांच्या वाट्याला मुळीं खडीचेच रस्ते आले! त्या सायकलीला कमी आहे ती चढाची दांतेजुळणी. आणि वजन आहे तें जास्त. चढावर उतरून ती ढकलावी लागते, एवढेंच. तेव्हां कच्ची वाट ही श्रीमंतांची नव्हे. ती मूळची गरिबाची होती, आणि श्रीमंताला ती आतां सांपडली आहे. दोघेही एकाच वाटेनें जाऊं लागले, तर त्यांत समाजाचें कल्याणच आहे.

गांवाच्या लाभाचीही एक गोष्ट आहे. मोटारींतून येणारा पाहुणा शहरांतून पाणी, खाऊ व बिछाना सारें बरोबर आणतो आणि गांवांत ठेवून जातो तो कचरा. सायकलस्वाराजवळ ओझें वाहण्याची सोय नाहीं. त्याला दहा कोसांवर पाणी लागतें, दुपारीं पिठलें-भाकरी लागते, रात्रीं ओटी लागते. आणि तो दमलेला असल्यामुळें दोन घटका बसून बोलतोही. त्या बोलण्यांतून उभय पक्षांस जें मिळतें त्याचा आंकडा कोणत्याही अहवालांत येत नाहीं.

या बाबतींत पाश्चात्यांचें अनुकरण करावयाचेंच असेल, तर निदान नीट करावें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेंत चांगल्या रस्त्यांची चळवळ प्रथम सायकलस्वारांनीं चालविली. रस्ते चांगले झाले, आणि मोटारीनें त्यांना त्यांवरून हुसकून लावलें. यांतून शहाणे होऊन १९५५ सालीं इंग्लंडांत आडवाटांनींच सायकल हांकणाऱ्यांचें एक मंडळ निघालें. इटलींतील टस्कनी प्रांतांत पांढऱ्या खडीचे जुने रस्ते डांबराखालीं जाऊं लागले, तेव्हां ते वांचविण्यासाठीं १९९७ सालीं चियांती भागांतील गायोले या लहानशा गांवांत जुन्या सायकलींची एक फेरी निघाली. पहिल्या वर्षीं ९२ माणसें होतीं. आज त्या फेरीचा मार्ग पाट्या लावून कायमचा खुला आहे, आणि २००७ पासून त्याच भागांतील पांढऱ्या रस्त्यांवर जगांतील नामांकित शर्यतपटूंची स्पर्धा भरते. आल्प्स पर्वतांत २,१७८ मीटरांवर फिनेस्त्रे नांवाची खिंड आहे. तिच्या वरच्या आठएक किलोमीटरांवर डांबर नाहीं. इटलीच्या राष्ट्रीय शर्यतीनें २००५ सालीं ती वाट घेतली, आणि आज त्या कच्चेपणाचाच तेथें अभिमान बाळगला जातो. इटलीला डांबर परवडत नाहीं, असें कोणी म्हणणार नाहीं!

आमच्याकडे हें करणें कठीण नाहीं. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडविली तर अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालयाच्या १९०६ च्या कायद्यानें दिलेला आहे. पाणंद रस्त्यांसाठीं सरकारनें २०२१ सालीं स्वतंत्र योजनाही काढली. कायदा आहे, योजना आहे; नाहीं ती दृष्टि. प्रत्येक तालुक्यांत ग्रामपंचायत, वनखातें व महाविद्यालयें यांनीं मिळून जुन्या गाडीवाटांची नोंद करावी. ज्या वाटा चाकाला योग्य त्या निराळ्या, आणि ज्या नाळेच्या व पायऱ्यांच्या असल्यामुळें केवळ पायाला योग्य त्या निराळ्या दाखवाव्या. नाणेघाटांत सायकल खांद्यावर घ्यावी लागते, हें आधींच सांगितलेलें बरें. फांट्यावर मराठींत पाटी असावी. तींत पुढचें गांव, पाण्याची जागा आणि चढ किती हें लिहिलेलें असावें. आमच्या तालुक्यापुरतें बोलावयाचें तर, मुंबईला पाणी पुरविणारें तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या नळांच्या कडेनें देखभालीच्या वाटा गेलेल्या आहेत. त्यांपैकीं सुरक्षित असे भाग सुटीच्या दिवशीं मुलांसाठीं परवानगीनें खुले करतां येतील कीं नाहीं, याचा विचार व्हावयास काय हरकत आहे? मुंबईला पाणी जातें त्या वाटेनें आमच्या मुलांना निदान मोकळी हवा तरी मिळावी.

वाचकांपैकीं जे आईबाप आहेत त्यांस शेवटीं एवढेंच सांगणें आहे. मुलगा किंवा मुलगी सायकल मागेल, तेव्हां ती कोणत्या मुलखांतून आयात झाली हें विचारण्याआधीं ती कोणत्या मुलखांत जाणार हें विचारा. ऑक्टोबरांत पाऊस सरतो, गवत सोन्यासारखें होतें, माती घट्ट बसते. तेव्हांपासून फाल्गुनापर्यंत सह्याद्रीच्या वाटा चाकाला अनुकूल असतात. एका रविवारीं मुलांना घेऊन शहापूर-मुरबाडकडील एखाद्या गाडीवाटेवर स्वतः जा. पुढच्या वर्षीं त्याच वाटेवर डांबराचें पिंप आलेलें दिसलें, तर तें कोणासाठीं आलें हें ग्रामसभेंत उभें राहून विचारण्याचा अधिकार त्या गांवकऱ्यांना आहे, आणि तुमची साथ मिळाली तर ते विचारतीलही. वाट चालणाऱ्यांनींच राखावयाची असते. जी वाट कोणी चालत नाहीं, ती पुरली गेली तरी तिच्यासाठीं रडणारें कोणी उरत नाहीं.